लेकीची पहिली शिकार आणि सोळा दिवसांची वाट

२०२३ च्या नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या सणाला, सासऱ्यांच्या फार्मवर जेवणं उरकून आम्ही भांडी पुसत होतो. अकरा वर्षांची लेक आजोबांजवळ जाऊन म्हणाली, "पुढच्या वर्षी मी पण येणार." कुठे येणार, हे त्या घरात कुणाला विचारावं लागत नाही. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा नऊ दिवसांचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि आमच्याकडे दिवाळीत दुकानं बंद होतात तशी इथली अर्धी कामं त्या आठवड्यात थांबतात. सासऱ्यांनी लगेच हो म्हटलं नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्या रात्री मराठीत कुणी याबद्दल लिहिलंय का म्हणून खूप शोधलं. काही मिळालं नाही. म्हणून हे सगळं तारखा, पैसे आणि फॉर्मसकट लिहून ठेवते आहे. तुमच्या घरात असा प्रश्न आला तर निदान सुरुवात कुठून करायची ते कळेल.

मी कोल्हापूरची. लहानपणी न्यू पॅलेसच्या संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी बघितलेले. संस्थानात चित्ते पाळून काळविटांची शिकार व्हायची, दाजीपूरचं जंगल राजघराण्याचं शिकारीचं रान होतं, हे ऐकत मोठी झाले. पण शिकार म्हणजे संपलेली गोष्ट, राजेमहाराजांबरोबर गेलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे चितळ-सांबराला हात लावणं हा गुन्हा आहे आणि तो तसाच असावा असं मला वाटतं. इथे गणित वेगळं आहे. पांढऱ्या शेपटीची हरणं लाखांनी आहेत, त्यांना खाणारे लांडगे दक्षिणेकडे जवळजवळ नाहीत, सासऱ्यांच्या मक्याच्या कडेच्या रांगा दरवर्षी फस्त होतात आणि माझ्या स्वतःच्या गाडीवर एकदा हरीण येऊन आदळलंय. हे सगळं मला पटत होतं. हरणाचं मटण तर मी दहा वर्षं शिजवतेय. पण बंदूक माझ्या पोरीच्या हातात? तिथे मन अडत होतं.

जानेवारीत आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि सासरे, बसून बोललो. विस्कॉन्सिनमध्ये दोन वाटा आहेत. एक 'मेंटर्ड' शिकार: प्रमाणपत्र लागत नाही, वयाची अटही नाही, फक्त मोठं माणूस हाताच्या अंतरावर हवं. दुसरी वाट म्हणजे हंटर एज्युकेशनचा कोर्स करून प्रमाणपत्र घेणं. १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येकाला स्वतःच्या नावावर शिकार करायची तर ते लागतंच. सासरे त्याआधीचे, त्यांना गरज पडली नव्हती. ते म्हणाले, पहिल्या वर्षी मेंटर्ड करू, सोपं आहे. मी म्हटलं, कोर्स होणार आणि मी पण करणार. मला बंदूक चालवायची नव्हती. पण माझ्या लेकीशेजारी बसायचं तर तिला काय शिकवलंय ते मला तोंडपाठ हवं होतं. हा माझा एकच हट्ट होता आणि तुम्हालाही मी हेच सांगेन. सोपी वाट असली तरी कोर्स करा आणि घरातल्या न-शिकारी माणसाने तो आधी करावा.

कोर्सची नोंदणी डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाच्या 'गो वाइल्ड' या संकेतस्थळावरून होते. आधी प्रत्येकाचा ग्राहक क्रमांक काढावा लागतो, लहान मुलांचासुद्धा. तो क्रमांक कागदावर लिहून फ्रिजवर लावा. कोर्स, लायसन्स, नोंदणी, तपासणी, सगळीकडे तोच लागतो. मी एप्रिलमध्ये शोधायला लागले आणि तेव्हाच जवळचा एक वर्ग भरला होता. दुसऱ्याच्या प्रतीक्षा यादीत नाव घातलं. जूनचा तो वर्ग शिकवायला माणसं कमी पडली म्हणून रद्द झाला आणि ते आम्हाला चार दिवस आधी कळलं. शिकवणारे सगळे स्वयंसेवक असतात, त्यामुळे रागावून उपयोग नाही, पण लेक त्या दिवशी जेवली नाही. शेवटी ऑगस्टच्या वर्गात जागा मिळाली. सोमवार-बुधवार संध्याकाळी सहा ते नऊ असे दोन आठवडे आणि शेवटी २४ तारखेचा पूर्ण शनिवार. फी माणशी १० डॉलर. तुम्ही मार्चमध्येच शोधायला लागा. ऑगस्टनंतर वर्ग मिळतात, पण ऑक्टोबरमध्ये मुलांसाठी वेगळा हंगाम असतो, त्याआधी हातात प्रमाणपत्र येईल याची खात्री राहत नाही. अठराच्या वरच्यांना सगळा कोर्स ऑनलाइन करता येतो. मी मुद्दाम वर्गातच बसले.

वर्गात तीसेक जण होते. बरीचशी दहा-बारा वर्षांची मुलं, सोबत आई नाहीतर बाप, आणि मागे दोन तरुण नर्सेस. आमच्यासारख्या रंगाच्या आम्ही दोघीच. कुणी वेगळी वागणूक दिली नाही. पहिल्याच संध्याकाळी चार नियम फळ्यावर आले आणि शेवटच्या दिवसापर्यंत पुसले गेले नाहीत. प्रत्येक बंदूक भरलेलीच आहे असं समजायचं. नळी कायम सुरक्षित दिशेला. लक्ष्य काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करायची. आणि झाडायच्या क्षणापर्यंत बोट चापाच्या बाहेर. इंग्रजी आद्याक्षरांवरून मुलं त्याला 'टॅब-के' म्हणतात. घरी येताना गाडीत लेक ते मराठीत म्हणून बघायची. "मागे काय आहे?" हे तिचं पालुपद झालं. भाजी चिरताना माझा हात जरा तिच्या बाजूला गेला की, "आई, मागे काय आहे?"

लेखी परीक्षा अवघड नव्हती. प्रत्यक्ष परीक्षा मात्र नीट होती. कुंपण ओलांडताना बंदूक कुठे ठेवायची, दुसऱ्याच्या हातात देताना ती उघडून रिकामी कशी दाखवायची, मचाणावर चढताना ती दोरीने नंतर वर कशी ओढून घ्यायची, हे सगळं नकली बंदुकीवर करून दाखवायचं. हातात बंदूक घेऊन शिडी चढायची नाही हा नियम मला सगळ्यात जास्त पटला. मचाणावरून पडूनच पुष्कळ शिकारी जखमी होतात. लेकीच्या पुढचा एक मुलगा नळी जरा फिरली म्हणून पुन्हा रांगेच्या शेवटी गेला. तो रडवेला झाला होता. त्याच्या आईने त्याची पाठ थोपटली पण गुरुजींना काही म्हटलं नाही. मला ते बघून धीर आला.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण आपल्यातले पुष्कळ जण व्हिसावर असतात. एच-वन-बी किंवा तशाच तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक बाळगणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचं वैध लायसन्स असेल तर त्याला सूट मिळते. नुसतं मित्रासोबत नेमबाजीच्या रेंजवर गंमत म्हणून बंदूक हातात घेण्याआधी वकिलाला विचारा. माझं ग्रीन कार्ड झालं होतं म्हणून मला ती काळजी नव्हती.

नेमबाजीचा सराव मे महिन्यापासून सुरू झाला होता. आधी छोटी पॉइंट टू-टू, मग जुलैपासून .२४३. ही रायफल मुलांना बरी पडते, खांद्याला फार धक्का देत नाही. सासऱ्यांनी लक्ष्य म्हणून नऊ इंची कागदी ताटल्या लावल्या. हरणाची फुप्फुसं आणि हृदय साधारण तेवढ्याच जागेत असतात. त्यांची अट अशी की सत्तर यार्डांवरून पाचपैकी पाच गोळ्या ताटलीत बसल्या, आणि त्याही तीन वेगवेगळ्या दिवशी, तरच ऑक्टोबर. तिसरा दिवस २१ सप्टेंबरला आला. ती ताटली अजून तिच्या भिंतीवर आहे.

खर्चाचं सांगते. लायसन्स पहिल्यांदाच काढणाऱ्याला सवलतीत मिळतं, लेकीचं ५ डॉलरला झालं. भगवं जाकीट ३४, टोपी ९, कानांवर लावायचे आवाजरोधक ४८, काडतुसांची दोन खोकी ७० च्या आसपास, बूट तिच्या आतेभावाचे जुने. रायफल घरचीच. कमरेच्या वरचे निम्म्याहून जास्त कपडे भडक भगवे असायला हवेत, टोपीसकट, आणि मुलांच्या हंगामात सोबतच्या मोठ्यांनीही तसंच घालायचं. २०१६ पासून भडक गुलाबीही चालतो. दुकानदाराने लेकीपुढे आधी गुलाबीच धरलं. तिने न बोलता भगवं उचललं.

आता तारीख. १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ऑक्टोबरमध्ये दोन दिवस राखीव असतात. त्या दिवसांत सोबतच्या मोठ्या माणसाने स्वतःची बंदूक न्यायची नाही आणि एका मोठ्यासोबत जास्तीत जास्त दोन मुलं. २०२४ मध्ये हे दिवस होते १२ आणि १३ ऑक्टोबर. मी कॅलेंडर उघडलं आणि बघतच राहिले. १२ ला दसरा.

माझं नवरात्र असतं. घट बसवते, नऊ दिवस उपास. त्यात मांसाचं नाव नाही. कोल्हापूरला आईला फोन केला. ती आधी, "अगं बंदूक? लेकराच्या हातात?" एवढंच म्हणत राहिली. मग जरा वेळाने म्हणाली, "घट उठवून जा म्हणजे झालं. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रंच पुजतात की." तिला हे पसंत नव्हतं, आजही नाही. पण तिने वाट अडवली नाही.

शुक्रवारी ११ ला संध्याकाळी साडेसहाला घट उठवले आणि मॅडिसनहून निघालो. कोल्हापुरात तेव्हा दसऱ्याची पहाट झाली होती. हायवे चौदाने स्प्रिंग ग्रीन, लोन रॉक करत रिचलंड काउंटीत सव्वा तासाने पोचलो. या भागाला ड्रिफ्टलेस म्हणतात. हिमयुगातले बर्फाचे थर इथवर आलेच नाहीत, म्हणून टेकड्या आणि खोरी तशीच राहिली. रात्री गाडीच्या दिव्यात वळणं यायला लागली की मला दर वेळी राधानगरीच्या रस्त्याची आठवण होते. सासऱ्यांच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर रायफल ठेवलेली होती, बोल्ट काढून बाजूला. मी पिशवीतून करंडा काढला. दस्त्याला हळदीकुंकू लावलं, शेजारी त्यांच्या हरणाचं पोट साफ करायच्या सुरीला लावलं, दोन फुलं ठेवली. सासऱ्यांनी काही विचारलं नाही. टोपी काढून उभे राहिले.

शनिवारी पहाटे साडेचारला उठलो. सूर्योदय सातच्या पुढे होता आणि त्याच्या अर्धा तास आधीपासून बंदूक चालवायला परवानगी असते, पण त्याच्या बरंच आधी जागेवर बसलेलं बरं. सहा वाजता आम्ही तिघं मचाणात होतो. मचाण म्हणजे जमिनीपासून सहा फुटांवर लाकडी खोपटं, तीन बाजूंना खिडक्या. वारा आमच्या तोंडावर येईल असं मचाण सासऱ्यांनी निवडलं होतं. फार्मवर तीन आहेत आणि कुठल्यात बसायचं ते सकाळी वारा बघूनच ठरतं. लेक मधे, आजोबा उजवीकडे, मी डावीकडे. काडतुसं आजोबांच्या खिशात. उजाडल्यावर त्यांनी एक तिच्या तळहातावर ठेवलं.

मुलांना घेऊन बसणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवा. कागद न वाजणारा खाऊ न्या. आम्ही दशम्या फडक्यात बांधल्या होत्या. आणि बसायला जाड गादी न्या. थंडी आधी बुडाखालून चढते, बोटांना नंतर कळते.

अंधार कसा सरतो ते मी इतक्या निवांतपणे कधी पाहिलं नव्हतं. आधी ओकची झाडं झाली, मग त्यांच्यातली अंतरं, मग जमिनीवर पडलेली पानं एकेक वेगळी दिसू लागली. टपकन ओकची बी पडायची आणि आम्ही तिघंही दचकायचो. सात वाजून पंचवीस मिनिटांनी डावीकडच्या उतारावर एक मादी आली. साठ यार्डही नसेल. मान खाली घालून बिया वेचत होती. लेकीने रायफल टेकूवर सरकवली. सेफ्टी, म्हणजे चाप अडवणारी कळ, सरकल्याची बारीक टिकटिक मला ऐकू आली. मी श्वास धरला. काहीच झालं नाही. मग ती अगदी हळू, मराठीत, म्हणाली, "मागे पाडस आहे."

आजोबांना कळलं नाही. त्यांच्या बाजूने झुडपाआड असलेलं ते दिसतच नव्हतं. मी त्यांच्या कानाशी इंग्रजीत सांगितलं. त्यांनी मान हलवली. तिने सेफ्टी परत लावली, बोट बाहेर घेतलं. मादीने आमच्याकडे रोखून बघत पुढचा पाय जमिनीवर आपटला, एकदा, दोनदा, मग शेपटीचं पांढरं निशाण उभारून दोघंही उतारावरून गेली. लेकीचे ओठ थरथरत होते. आजोबांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि काढला. त्या दिवशी आम्ही तिथेच उठून घरी आलो असतो तरी मला पुरलं असतं.

पावणेआठच्या सुमारास माझं मन कोल्हापूरला गेलं. तिथे संध्याकाळचे सव्वासहा. दसरा चौकात सोनं लुटत असतील, सूर्य बुडताना. माझ्यासमोर तो नुकता वर आला होता.

आठ वाजून दहा मिनिटांनी दुसरी मादी एकटी आली, मोठी, मक्याकडून. चालत चालत आडवी उभी राहिली. मागे टेकडीची माती. लेकीने आजोबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. मी तिच्या गालाला टेकलेला रायफलचा दस्ता बघत होते. त्यावर कालचं कुंकू थोडं राहिलं होतं आणि तिच्या गालाला लागलं होतं. मग आवाज.

हरीण उसळलं आणि जंगलात शिरलं. लेक म्हणाली, "लागलं का? लागलं का?" आणि मग तिला हुडहुडी भरली. दात वाजायला लागले. हे पुष्कळांना होतं, घाबरू नका. तिला गरम पाणी दिलं, मिठीत घेतलं. आजोबांनी घड्याळ दाखवलं आणि अर्धा तास बसवून ठेवलं. लगेच मागे धावलं तर जखमी जनावर उठून आणखी दूर पळतं, त्याचे हाल होतात. तो अर्धा तास आमच्या सगळ्या वर्षातला सगळ्यात लांब होता. ती रडली. मी तिला गप्प केलं नाही.

मग माग काढायला उतरलो. गोळी लागली तिथे पानांवर रक्ताचे शिंतोडे, गुलाबीसर, त्यात बारीक बुडबुडे. आजोबा म्हणाले, फुप्फुसं, म्हणजे लांब गेलेली नाही. दर पाचसहा पावलांवर लेक टॉयलेट पेपरचा तुकडा फांदीला लावत होती. मागे वळून पाहिलं की त्या पांढऱ्या ठिपक्यांची रेघ दिशा दाखवते. परतताना सगळे गोळा करायचे. ऐंशीएक पावलांवर शेजाऱ्याचं कुंपण आलं आणि हरीण त्याच्या पलीकडे दहा फुटांवर पडलेलं दिसलं. दिसलं तरी ओलांडायचं नाही. दुसऱ्याच्या जमिनीत जाऊन पडलेलं आपलं हरीण आणायलाही परवानगी लागते. सासऱ्यांनी फोन केला, शेजारी चर्चचा नाश्ता बनवत होते, त्यांनी हो म्हटल्यावर आम्ही गेलो.

आजोबांनी आधी काठीने डोळ्याला हळूच स्पर्श करून खात्री केली. मग ओकची एक डहाळी मोडून मादीच्या तोंडात ठेवली. त्यांचे पणजोबा जर्मनीहून आले तेव्हापासूनची रीत. शेवटचा घास. लेकीने मानेवर हात ठेवला, अजून ऊब होती. बराच वेळ ठेवला. मग तिने त्याच डहाळीतलं एक पान तोडलं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "सोनं घ्या." मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. पुढचं मला बोलता आलं नाही.

कामाचा भाग पटापट सांगते. पोट तिथेच साफ केलं. आजोबांनी सुरी धरली, लेकीने पाय धरले, मला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, मटणाच्या दुकानात लहानपणापासून उभी राहिलेय. ऑक्टोबरचं ऊन चढतं, त्यामुळे वीस पौंड बर्फ आधीच आणून ठेवा आणि पोकळीत भरा, नाहीतर मांस खराब होतं. हरणाची नोंदणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते, ऑनलाइन किंवा फोनवर. काउंटी, नर की मादी, तारीख विचारतात आणि एक क्रमांक देतात. तो लगेच लिहून घ्या. शेडमध्ये कातडं काढून, हाडं सोडवून संध्याकाळपर्यंत ३४ पाकिटं झाली. बाहेरच्या खाटकाकडे दिलं असतं तर शंभराहून जास्त डॉलर लागले असते.

आणि आता तपासणी. सीडब्ल्यूडी नावाचा हरणांचा मेंदूचा रोग २००२ मध्ये विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि सासऱ्यांची काउंटी तो जास्त पसरलेल्या भागात आहे. प्रायॉन नावाच्या बिघडलेल्या प्रथिनामुळे होतो, शिजवून तो जात नाही, आणि आजारी हरीण बराच काळ धडधाकट दिसू शकतं. माणसाला झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण बाधित हरणाचं मांस खाऊ नका असं सीडीसी, म्हणजे रोगनियंत्रणाची केंद्रीय संस्था, सांगते. तपासणी फुकट असते. गावाबाहेर एक स्वयंसेवेचं खोपटं असतं. तिथला फॉर्म भरायचा, बारकोडची चिठ्ठी आपल्याकडे ठेवायची, डोकं मानेच्या चारपाच इंचांसकट पिशवीत घालून पेटीत टाकायचं. फॉर्म लेकीने स्वतः भरला. कुठे मारलं ते नकाशावर दाखवावं लागतं, तिथे तिने तीनदा खोडलं. नमुने मॅडिसनच्याच पशुरोग प्रयोगशाळेत जातात, आमच्या घरापासून काही मैलांवर.

पाकिटांवर तारीख आणि 'थांबा' असं मार्करने लिहून ती फ्रीजरच्या खालच्या कप्प्यात वेगळी ठेवली. हे फार महत्त्वाचं आहे. दुसऱ्या हरणाच्या मांसात मिसळू नका. बाहेर कापायला दिलंत तर तुमचंच हरीण वेगळं ठेवतात का ते आधी विचारा.

लेक रोज शाळेतून आली की चिठ्ठीवरचा क्रमांक टाकून बघायची. तिने तांबडा रस्सा ठरवला होता. आजी व्हिडिओवर वाटण सांगणार होती. मी तिला सांगून ठेवलं होतं की हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, ती आणि वरचं चंदेरी कातडं पूर्ण काढायचं, मग कुकरला मटणाहून दोन शिट्ट्या जास्त. दहा दिवस झाले. बारा. तिने माझ्याशी बोलणं कमी केलं.

२८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, मी ओट्यावर पीठ मळत होते. ती फोन घेऊन आली आणि काही न बोलता माझ्यापुढे धरला. पॉझिटिव्ह.

तिने एकच विचारलं, "म्हणजे मी तिला उगाच मारलं?" मला उत्तर देता आलं नाही. तिच्या बाबाने सांगायचा प्रयत्न केला की आजारी हरीण कळपातून गेलं ते बरंच झालं, ती पुढे झिजून झिजून मेली असती. ते खरं आहे. तिने ऐकून घेतलं आणि खोलीत गेली. रात्री आजोबांचा फोन आला, ते तिच्याशी वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही.

२ नोव्हेंबरला, पाडव्याच्या दिवशी, आम्ही पाकिटं घेऊन फार्मवर गेलो. असं मांस आणि हाडं रानात टाकायची नाहीत, प्रायॉन मातीत वर्षानुवर्षं टिकतात. त्यासाठी ठरावीक कचरापेट्या ठेवलेल्या असतात, तिथून ते सगळं नीट पुरण्याच्या जागी जातं. लेकीने एकेक पाकीट मोजून टाकलं. ३४. सुऱ्या चाळीस टक्के ब्लीचच्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून धुतल्या. कापायचा लाकडी पाट सासऱ्यांनी त्याच पेटीत टाकून दिला.

मला वाटलं होतं ती आता म्हणेल, पुरे. २३ नोव्हेंबरला मोठा हंगाम सुरू झाला आणि ती पहाटे चारला माझ्याआधी उठलेली होती. या वेळी मी मचाणात गेले नाही. थर्मासमध्ये चहा भरून दिला आणि स्वयंपाकघरात बसले. उजाडताना टेकड्यांपलीकडून बार ऐकू येत होते, दूरचे, प्रत्येकाला मी उठून खिडकीशी जात होते. आमच्या बाजूने एकही आला नाही.

दहाला दोघं परतली. तिने बूट दारात काढले, हात धुतले, टेबलाशी बसली.

"नर आला होता," ती म्हणाली. "मोठी शिंगं. मागे रस्ता होता."

आजोबांनी खिशातून काडतुसं काढून तिच्यापुढे ठेवली. तिने ती मोजून डब्यात घातली, तिन्ही, आणि थालीपीठ मागितलं.